त्यात कोणी नाही

कंट्रोल रूममध्ये त्याला सगळे कानसेन म्हणत, पुढेपुढे जुने पायलटसुद्धा. तोंडावरच म्हणत, आणि त्यालाही ते मनापासून आवडायचं. आकाशातली विमानं वाटेला लावणाऱ्या माणसाची नजर तीक्ष्ण असावी लागते, हे कोणीही सांगेल. पण हा गडी कानाचा पक्का होता. हेडफोनमध्ये एखादा पायलट नुसता खाकरला तरी हा पडद्याकडे न बघता म्हणायचा, "आली बघा रडूबाई." रडूबाई म्हणजे चांगला मिशाळ कॅप्टन, पण ढगाचा एवढासा तुकडा दिसला तरी तक्रार करायचा म्हणून ते नाव. दुसरा एक घाईगर्दी. त्याला सदानकदा पुढे जायचं असायचं, जणू विमानतळावर कोणी त्याच्यासाठी गरम जेवण झाकून ठेवलंय. कानसेन या सगळ्यांना आवाजावरून ओळखायचा, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना उभ्या आयुष्यात एकदाही भेटलेला नव्हता.

घरी आला की जेवताना त्या दिवशीच्या आवाजांची हजेरी व्हायची. बायको विचारायची, "आज कोण कोण होतं?" आणि हा सांगायचा. रडूबाईला सर्दी झालीय, घाईगर्दीचं कुणाशी तरी भांडण झालेलं दिसतंय, एक नवा पोरगा आलाय आणि बोलण्याआधी आवंढा गिळतोय. मुलगी लहान होती तेव्हा तोंडाचा आ करून ऐकायची. "बाबा, तुम्ही न बघता कसं ओळखता?" असं विचारायची, आणि हा छाती फुगवून म्हणायचा, "एकदा ऐकलेला आवाज तुझा बाप विसरत नाही." आता ह्यात बढाई होती हे उघड आहे. पण लेकीसमोर कोण बढाई मारत नाही?

मुलीला पायलट व्हायचं होतं. दुसरं काय होणार होती ती! तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराच्या खिडकीतून विमानं इतक्या जवळून जाताना दिसायची की वाळत घातलेले कपडे हलायचे. अभ्यासात हुशार, अंगानं काटक, सगळं जुळून आलं होतं. आणि मग वैद्यकीय तपासणीत कानाच्या आतला दोष निघाला. ऐकू उत्तम यायचं, पण शरीराचा तोल सांभाळणारं जे काही कानाच्या आत असतं, त्यात खोट होती. जमिनीवर काही कळायचंही नाही. हवेत वर-खाली झालं की डोळ्यांपुढे सगळं गरगरायचं. डॉक्टरांनी सही केली आणि विषय संपला. मुलगी दोन दिवस रडली. बाप रडला नाही, पण कितीतरी दिवस तो घरात विमानाचं नावसुद्धा काढत नव्हता.

वर्षभरानं मुलगी घरी आली ती उड्या मारतच. लष्करानं तिला घेतलं होतं. त्यांची मोठाली मानवरहित विमानं असतात, ती चालवायला माणसं हवी होती, आणि ती माणसं जमिनीवर खुर्चीत बसतात. कानातला तोल तिथे कोण विचारतो! "बाबा, मी पायलट झाले," ती म्हणाली. अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

आता इथे बापानं काय म्हणायला हवं होतं, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. पण ह्याच्या जिभेला काय झालं होतं देव जाणे. आयुष्यभर मोजून मापून बोलणारा माणूस, ज्याच्या एका चुकीच्या आकड्यानं शेकडो माणसं गोत्यात यावीत, तो जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "खुर्चीत बसून उडवायचं, त्याला उडवणं म्हणतात होय? विमान रिकामं आणि पायलट खोलीत! उद्या म्हणशील स्वयंपाक केला, आणि ताटात काहीच नाही." स्वतःच्या विनोदावर तो थोडा हसलासुद्धा.

बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की समजणाऱ्याला समजावं. मुलीनं हातातला चमचा खाली ठेवला, "बरं," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन गेली. त्यानंतर तिचा फोन यायचा तो आईच्या नंबरवर. आई विचारायची, "बाबांशी बोलतेस का गं?" आणि स्पीकरवरून ऐकू यायचं, "नको, घाईत आहे." तो शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असल्यासारखा बसायचा. पान मात्र उलटायचं नाही.

वाईट वाटत नव्हतं असं नाही. फार वाटत होतं. आंघोळ करताना पाण्याच्या आवाजात तो "चुकलं माझं" असं म्हणून बघायचा, कसं वाटतंय ते. तिथे बरं जमायचं. पण बाहेर आला की पुन्हा तोच ताठा: मी बाप आहे, तिनं आधी फोन करावा. तिचा फोन आला की मी लगेच म्हणतो की नाही बघा. असं बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, "बसा वाट बघत."

अशातच ती मोठी विमानं त्याच्या हद्दीतून जायला लागली.

ड्रोन म्हटलं की आपल्याला लग्नात डोक्यावरून भुणभुणत फोटो काढणारं चार पंख्यांचं खेळणं आठवतं. हे तसलं नव्हतं. पंख प्रवासी विमानाइतके लांब, अंग सडपातळ, नाकाशी काच नाही की खिडकी नाही. देशाच्या एका टोकाच्या तळावरून सुटायचं ते दुसऱ्या टोकाला पोचायला रात्र आणि दिवस घ्यायचं. जायला स्वतंत्र वाट नाही, म्हणून सगळ्यांच्या वाटेनं जायचं. आणि चालायचं असं, जणू जेवण झाल्यावर शतपावली करतंय. नियम असा की त्याच्या पुढे-मागे, वर-खाली भलीमोठी जागा मोकळी सोडायची. ती जागा राखायची म्हणजे बाकीच्यांना वळसे घालायला लावायचे. प्रवाशांनी भरलेली विमानं रखडायची, कॅप्टन वैतागायचे, आणि शिव्या कुणाला? कानसेनला.

त्याच्याशी बोलण्याचीही एक तऱ्हाच होती. पायलट बसलाय दूर कुठल्या तरी खोलीत. त्याचा आवाज आधी उपग्रहावर जाणार, तिथून विमानावर, आणि विमानातून ह्याच्या कानात. त्यामुळे विचारलं की उत्तर लगेच येत नाही. नवखी माणसं उत्तर नाही म्हणून पुन्हा बोलायला जायची, तेवढ्यात तिकडून उत्तर यायचं, आणि दोन आवाज एकमेकांवर आदळले की कानात नुसती किंचाळी उठायची. शिवाय एवढा प्रवास करून आलेला आवाज इतका चेंगरून गेलेला असायचा की पत्र्याच्या डब्यातून कोणी बोलतंय असं वाटावं. पुरुष आहे की बाई, एवढंच समजायचं. बाकी गोडवा, राग, सर्दी, काही नाही. त्यात सगळं बोलणं परभाषेतल्या ठरलेल्या वाक्यांत. आकाशात तोच रिवाज असतो, ह्याच शब्दांत विचारायचं, ह्याच शब्दांत सांगायचं. म्हणून कानसेननं त्या आवाजांना कधी नावं दिली नाहीत. नावं मात्र भरपूर ठेवली.

त्या विमानाला तो रिकामटेकडं म्हणायचा. "आलं का रिकामटेकडं?" असं विचारतच तो खुर्चीत बसायचा, आणि आजूबाजूचे हसायचे. हळूहळू सगळी खोलीच तो शब्द वापरायला लागली.

त्या चेंगरलेल्या आवाजांत एक बाईचाही होता. तिला कधी दोनदा सांगावं लागायचं नाही. जे सांगितलं ते आकड्याला आकडा लावून परत म्हणून दाखवायची, जाताना निरोपाचं ठरलेलं एक वाक्य, बाकी एक शब्द जास्त नाही. एकदा शेजारच्या सहकाऱ्याला तो म्हणालाही होता, "रिकामटेकड्यातली ही बाई मात्र शिस्तीची आहे हं. कोणी शिकवलंय कोण जाणे." मुलीचा विचार त्याच्या मनात आला नाही. ती अजून शिकतेय, असं बायको सांगायची, आणि शिकणाऱ्यांच्या हातात कोणी एवढी लांबची फेरी देत नाही.

तो दिवस तसा काही वाईट नव्हता. दुपारची वेळ, आकाश स्वच्छ, चहा नुकताच पिऊन झालेला. रिकामटेकडं हद्दीत शिरलं तेव्हा एका पुरुषाचा आवाज बोलला होता. मागून घाईगर्दी आला, पोटात भरगच्च प्रवासी, आणि ह्यानं त्याला लांबचा वळसा घालायला सांगितला. घाईगर्दीनं ठरलेल्या वाक्यात ते मान्य केलं, पण मग राहवेना. रिवाज सोडून सरळ आपल्या भाषेत म्हणाला, "अहो कानसेन, किती फिरवाल? चक्कर यायला लागली आता. पुढे कोण एवढा लाडका जावई चाललाय?"

खरं तर अशा वेळी गप्प बसायचं असतं. फ्रिक्वेन्सी ही सगळ्यांची, एक बोलला की हद्दीतल्या सगळ्यांना ऐकू जातं. तिच्यावर कामाशिवाय एक अक्षर बोलायचं नाही, हे ह्यानंच कितीजणांना शिकवलेलं. पण ओळखीचा आवाज, आपली भाषा, दुपारची वेळ. हाही म्हणाला, "रिकामटेकडं आहे हो ते. आपलं ढकलल्यासारखं चाललंय. त्यात कोणी नाही."

पलीकडून घाईगर्दी हसत काहीतरी बोलायला लागला, आणि त्याच क्षणी कानात ती किंचाळी उठली. कोणीतरी मध्येच बोललं होतं. कानसेननं तोंड वाकडं करून हेडफोन कानापासून जरा दूर धरला. "मध्ये कोण बोलतंय? गप्प बसा," तो करवादला, तेही आपल्याच भाषेत.

सगळे गप्प बसले. मग काम पुढे सुरू झालं. थोड्या वेळानं रिकामटेकडं हद्द ओलांडायला आलं तेव्हा त्यानं पुढच्या केंद्राच्या फ्रिक्वेन्सीचा आकडा सांगितला. जरा थांबून उत्तर आलं ते त्या शिस्तीच्या बाईच्या आवाजात, आकड्याला आकडा लावून. म्हणजे मध्येच पाळी बदलली होती. एवढ्या लांबच्या फेरीत असंच होतं. विमान हवेत चालत राहतं आणि खाली खोलीत एक जण उठून दुसरा खुर्चीत बसतो, वर कोणाला पत्ताही लागत नाही. ह्यालाही लागला नव्हता. दर वेळी ती निरोपाचं एक वाक्य म्हणायची, तेवढं आज म्हणाली नाही. म्हणेना का, असा विचार करून तो दुसऱ्या विमानाकडे वळला.

काही दिवसांनी शिफ्टच्या साहेबांनी त्याला आत बोलावलं. लष्कराकडून विचारणा आली होती. त्यांच्या कुणा पायलटनं त्या दुपारी फ्रिक्वेन्सीवर नियमाबाहेरचे शब्द वापरले होते. तुमच्याकडे काय रेकॉर्ड झालंय ते कळवा, एवढंच. साहेब म्हणाले, "तुमच्यावर काही नाही हो. तुम्ही आणि घाईगर्दीनं जी गंमत केली त्याबद्दल मी काय ते दोन शब्द नंतर बोलेन. आधी ती किंचाळी काय होती ते बघू."

रेकॉर्डिंग सांभाळणारा तंत्रज्ञ कॉम्प्युटर घेऊन बसला होता. तरुण होता, उत्साही होता, आणि एका आवाजाखाली दबलेला दुसरा आवाज वर काढण्याचं आपलं कसब दाखवायची त्याला हौस होती. त्यानं पहिल्यांदा जसंच्या तसं ऐकवलं. घाईगर्दीचा प्रश्न. कानसेनचं उत्तर. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकताना त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण "त्यात कोणी नाही" हे त्याला आठवत होतं त्यापेक्षा तुच्छतेनं म्हटलेलं होतं. मग किंचाळी.

"आता मजा बघा," तंत्रज्ञ म्हणाला. त्यानं हे कमी केलं, ते वाढवलं, खरखर पुसली, घाईगर्दीचं हसू बारीक करत करत जवळजवळ घालवलं. आणि पुन्हा लावलं.

"त्यात कोणी नाही," कानसेन म्हणाला.

आणि आपल्याच भाषेत, आता पत्र्याच्या डब्यातून नव्हे तर शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला, "आहे. मी आहे, बाबा."

लगेच त्याच्यावर त्याचा स्वतःचाच आवाज, "मध्ये कोण बोलतंय? गप्प बसा."

तंत्रज्ञ हसला. "बाबा कोणाला म्हणतेय ही बाई?" साहेबही हसायच्या बेतात होते. मग त्यांचं लक्ष कानसेनच्या चेहऱ्याकडे गेलं आणि ते एकदम गंभीर झाले.

"ती माझी मुलगी आहे," तो म्हणाला. पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून ते वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं.

घरी आला तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं उभ्या उभ्याच विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिनं काय म्हणून विचारलं नाही. हातातली घडी पुरी केली आणि म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"पहिल्या फेरीपासून. तिनं मागून घेतली होती ती वाट. तुमच्या हद्दीतून जाते म्हणून."

"आणि तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस? शिकतेय म्हणालीस!"

"तिनंच शपथ घातली होती," बायको म्हणाली. "सांगू नकोस, बाबा ओळखतील, बाबा कुणालाही ओळखतात, असं म्हणाली. ते ओळखतील आणि मग आपोआपच सगळं नीट होईल. मला वाटलं, होईल. दर वेळी तुम्ही घरी आलात की मी मुद्दाम विचारायचे, आज कोण कोण होतं? तुम्ही साऱ्या जगाची नावं घ्यायचात. मी खोदून विचारलं, ती लष्कराची विमानं असतात त्यातलं कोणी? तर म्हणायचात, गेलं रिकामटेकडं." तिचा आवाज चढला होता. ती सहसा आवाज चढवत नाही. "मग तिचा फोन यायचा, ओळखलं का गं म्हणून. काय सांगायचे मी?"

"मला कुठून कळणार? तो आवाज... तुला कल्पना नाही, तो आवाज आवाजच नसतो."

"असेल," ती म्हणाली. "मी कुठे भांडतेय."

ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो पलंगावर घड्यांच्या शेजारी बसला. एवढे महिने लेक आपल्याशी बोलत होती. आपण सांगितलेला प्रत्येक आकडा तिनं जपून परत म्हणून दाखवला होता, आणि दर वेळी निरोपाचं वाक्य म्हणून थोडी थांबत असेल, आज तरी बाबा काही म्हणतील म्हणून. आणि आपण तोवर दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागलेलो असायचो. 

"लाव फोन," तो म्हणाला.

"तुम्हीच लावा," बायको म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.

पलीकडून "हं, आई," असं आलं. स्वच्छ, जवळचा, थोडा दमलेला आवाज. आता मात्र त्याला त्यात सगळं ऐकू येत होतं.

"मी बोलतोय."

 मग "बोला, बाबा."

"चुकलं माझं," तो म्हणाला. इतके दिवस अडलेलं ते वाक्य इतक्या सहज निघालं की त्याचा त्यालाच राग आला. "तेव्हाही चुकलं आणि परवाही. मी आज ऐकलं सगळं. मला खरंच कळलं नाही गं तू आहेस ते. कळलं असतं तर मी तसं बोललो असतो का?"

"तेच तर ना, बाबा."

"म्हणजे?"

"मी नसते तरी कोणीतरी होतंच त्यात." ती रागावलेली नव्हती. काम समजावून सांगावं तशी सांगत होती. "माझ्या आधी खुर्चीत जो होता त्याला, तुम्ही माइक चालू केलात की तुमच्या खोलीतलं हसणं रोज ऐकू यायचं. रिकामटेकडं म्हणता तेही. इथं सगळ्यांना माहीत आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं तुम्ही माझे बाबा आहात म्हणून."

 बायको घड्या घालायची थांबली होती.

"तुला काही शिक्षा झाली का?" त्यानं विचारलं.

"शिक्षा अशी नाही. फ्रिक्वेन्सीवर नको ते बोलले, म्हणून त्या वाटेवरून काढलं. बरोबरच आहे त्यांचं. कामाशिवाय एक अक्षर बोलायचं नसतं."

"परत नाही का मिळणार ती वाट?"

"मागितली तर मिळेल. साहेब चांगले आहेत."

"मग माग ना," तो म्हणाला. आता त्याला धीर धरवेना. "मी ओळखेन. कशीही बोललीस तरी ओळखेन. मी सगळ्यांना सांगून ठेवतो, कोणी काही बोलणार नाही. मागशील ना?"

तिनं श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. काहीतरी बोलायला म्हणून घेतलेला, आणि तसाच सोडून दिलेला.

"बाबा," ती म्हणाली, "आईला द्या ना फोन."

त्यानं फोन बायकोच्या हातात दिला.